धोंडाबाईची रेघ

धोंडाबाईला छताखाली झोपवणं हे फिजिक्स शिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड काम होतं, आणि तिच्या लेकीच्या, सुकन्याच्या वाट्याला दोन्ही कामं आली होती. फिजिक्स ती लातूरच्या एका क्लासमध्ये शिकवायची. एकेका बॅचला गावजेवणाइतकी पोरं, पण ती निदान ऐकून तरी घ्यायची. माय ऐकत नव्हती.

भूकंपाला अठरा-एकोणीस वर्षं होऊन गेली होती. किल्लारीच्या बाजूचं त्यांचं गाव एका पहाटे भुईसपाट झालं, तेव्हा सुकन्या निलंग्याला मामाकडे होती आणि धोंडाबाई म्हशीला बघायला गोठ्यात गेली होती. घरात नवरा भुजंग आणि धाकटा लेक झोपलेले होते. घराला माळवद होतं, म्हणजे लाकडांवर टाकलेलं मातीचं सपाट छत. ते गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर मातीचा नवा थर द्यायचा, ही तिकडची रीत. आज्या-पणज्यापासून थर चढत आले होते. जुना थर आधी खरवडून काढावा, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. एका पाटीचं असं ओझं ते किती असणार? त्या वर्षीच्या पाट्या धोंडाबाईनंच डोक्यावरून वाहिल्या होत्या.

तेव्हापासून ती छताखाली झोपली नाही. सरकारनं पुनर्वसनात घर दिलं, त्यात तिनं ज्वारीची पोती ठेवली आणि स्वतः अंगणात पडली. मग छातीचं दुखणं सुरू झालं. लेकीच्या घरी राहायचं नाही, हा हट्ट तिनं नाक मुरडत सोडला आणि लातूरला आली, पण झोपायला इथंही अंगणच, वर नावाला चार पत्रे. मागच्या श्रावणात तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "आणखी एक पावसाळा यांनी असा उघड्यावर काढला, तर मग माझ्याकडे आणू नका." असं तोंडावर बोलणारा डॉक्टर सुकन्याला आवडला नाही, पण त्याचं खोटं नव्हतं.

स्वयंपाकघरात फळीवर धोंडाबाईनं स्टीलच्या पेल्यांची उतरंड रचली होती. एक उलटा, त्यावर एक सुलटा, असे थेट वरपर्यंत. भूकंपानंतर घरोघरी अशा उतरंडी लागल्या होत्या. धक्का आला की पेले पडतात आणि माणसं जागी होतात. बाकीच्यांनी यथावकाश पेले उतरवून त्यात चहा प्यायला सुरुवात केली. धोंडाबाईनं नाही. घरात पाहुणे आले की चहा कपात यायचा, आणि कप कमी पडले तर वाटीत.

एकदा सुकन्या वैतागून म्हणाली, "माय, हे सिमेंटचं घर हाय. सळया हायत त्यात. आणखी काय पाहिजे तुला?"

"जिमीन खाली काय करून राहिली ते दिसत न्हाई," धोंडाबाई म्हणाली. "ते दिसलं असतं तर निजले असते."

बोलून ती मोकळी झाली. सुकन्या मात्र विष्णुपुरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलेली. असलं वाक्य तिच्या कानावर पडलं की ते नुसतं वाक्य राहत नसे. तिनं कोठीच्या खोलीत एक दांडा फाटकासारखा आडवा टांगला, त्याच्या टोकाला वजन आणि लोहचुंबक लावलं, शेजारी तांब्याच्या तारेचं वेटोळं ठेवलं. जमीन हलली की घर हलतं, जड दांडा मात्र आळशी माणसासारखा जागचा हलायला वेळ लावतो. तेवढ्या फरकानं वेटोळ्यात किंचित वीज उमटते. ती वीज कॉम्प्युटरला समजेल असं कार्ड तिची वर्गमैत्रीण देविका हिनं करून दिलं. देविका आता त्याच कॉलेजात शिकवत होती आणि तिच्या प्रयोगशाळेतही असाच एक दांडा होता.

घरात एकच कॉम्प्युटर होता. क्लासच्या पेनड्राईव्हमधून येणाऱ्या व्हायरसला कंटाळून सुकन्याच्या नवऱ्यानं, सत्यमनं, त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली होती. त्या पडद्यावर आता एक रेघ सरकू लागली.

धोंडाबाई पहिल्यांदा लांबून बघत उभी राहिली. रेघ सरळ नव्हतीच. रस्त्यावरून ट्रक गेला की ती दाट थरथरायची, म्हशी गेल्या की बारीक. आणि काहीच जात नसलं तरी ती अगदी सावकाश, आत-बाहेर श्वास घ्यावा तशी हलत राहायची. ते काय, म्हणून तिनं विचारलं. सुकन्या म्हणाली, तो समुद्र. कोकणात लाटा किनाऱ्यावर आपटतात, त्याची थरथर खडकातून इथवर येते. हे तिनं पुस्तकात वाचलेलं होतं, पण स्वतःच्या घरात, कोठीतल्या तेलाच्या डब्याशेजारी ते उमटताना बघून तिच्या अंगावर काटा आला होता.

"म्हंजी ही जिती हाय," धोंडाबाई हळूच म्हणाली. समुद्र तिनं जन्मात पाहिला नव्हता. ती बराच वेळ तिथंच बसून राहिली.

मग ती रोज बसायला लागली. आधी दुपारी निवडण-टिपण घेऊन, मग संध्याकाळी जपमाळ घेऊन. थंडीत एके दिवशी तिनं गोधडी आत आणली आणि कॉम्प्युटरच्या पायाशी अंथरली. सुकन्या आणि सत्यम एकमेकांकडे बघत राहिले. तोंडातून शब्द काढला तर बिघडेल, म्हणून दोघं गप्प बसले.

बिघडायचं ते बिघडलंच, आणि तेही सत्यमच्या हुशारीनं.

सत्यम त्याच क्लासमध्ये गणित शिकवायचा आणि सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका घरच्या कॉम्प्युटरवर तपासून द्यायचा. पोरांनी काळे केलेले गोल स्कॅन करायचे, प्रोग्रॅम ते वाचून गुण देतो. पण लातूरला वीज म्हणजे जावयासारखी. आली तर आली, गेली तर विचारायचं नाही. तपासणी अर्धवट राहायची. म्हणून त्यानं एक युक्ती केली होती. दर मिनिटाला कॉम्प्युटरनं बघायचं, निकाल पुरा झाला का? नसेल, तर वीज गेली असणार असं समजून तपासणी पुन्हा सुरू करायची. "आता लाईट कितीदा पण जाऊ दे," असं तो शेजाऱ्यांनाही सांगून आला होता. काम पुरं झालं नाही याचा अर्थ वीजच गेली, असा हिशेब फक्त आपल्याकडच्या माणसाच्या डोक्यात येऊ शकतो.

मार्चमध्ये एका रविवारी मोठी परीक्षा झाली. सत्यमनं पत्रिका लावून दिल्या आणि दोघं क्लासला गेले. परत आले तेव्हा धोंडाबाईची गोधडी अंगणात होती, आणि गोधडीवर धोंडाबाई, भिंतीकडे तोंड करून.

आत कॉम्प्युटर गोठला होता. माऊस हलेना, पडद्यावरचं घड्याळ दुपारीच थांबलेलं, डब्यातून डिस्कची एकसारखी करकर. रेघ जिथं होती तिथंच थिजलेली. सत्यमनं बटण दाबून बंद केला, चालू केला. त्याच्या युक्तीनं इमानेइतबारे तपासणी पुन्हा सुरू केली आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच.

"माय, कॉम्प्युटर अडकला होता. जमिनीला काही झालं न्हाई," सुकन्या अंगणात जाऊन म्हणाली.

"मला कसं कळावं? रेघ गुमान होती." धोंडाबाई वळली नाही. "त्या राती बी सगळं असंच गुमान होतं, बाई."

बंद पडलेल्या यंत्रापेक्षा थिजलेलं यंत्र वाईट असतं. बंद पडलेलं निदान खोटं बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी क्लासला रजा टाकून ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि सत्यमला म्हणाली, "कालचं सगळं जसंच्या तसं चालू करा. मला बघायचंय." चालू असलेल्या प्रोग्रॅमांची यादी तिनं पडद्यावर उघडली आणि शेजारी रेघ.

तपासणीचा प्रोग्रॅम सुरू झाला. मिनिट गेलं. पत्रिका भरपूर, काम अजून चालूच होतं, पण युक्तीला वाटलं वीज गेली. तिनं दुसरा लावला. दोघांत पहिला मंदावला. मग तिसरा. जितके जास्त तितका प्रत्येक हळू, आणि जितका हळू तितके आणखी. वीज तर गेलेलीच नव्हती. गेली असती तरी रेघेसाठी घेतलेला इन्व्हर्टर होताच. सगळं व्यवस्थित चाललं होतं, आणि त्या व्यवस्थितपणातच एकावर एक पाटी पडत होती. सुकन्याच्या मनात माळवद आलं आणि ते काही केल्या मनातून जाईना.

सत्यम मागे उभा राहून बघत होता. "च्यायला," तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.

लिनक्स कुणालाच नाही म्हणत नव्हतं. जो प्रोग्रॅम मेमरी मागेल त्याला हो. सगळं गाव जेवायला बोलवणारा यजमान असतो ना, तसं. सगळे एकदम पानावर बसले की मग त्याला घाम फुटतो. मेमरी संपली, तसं कॉम्प्युटरनं सामान डिस्कवर टाकायला सुरुवात केली, टाकलेलं लगेच परत लागायचं म्हणून पुन्हा उतरवायचं. माऊस थांबला. बराच वेळ नुसती करकर. सुकन्यानं बटणाला हात लावू दिला नाही.

आणि मग एकदम माऊस हलला. करकर थांबली. रेघेची खिडकी पडद्यावरून गेली होती.

तिला आधी कळलंच नाही. मग काळ्या खिडकीत एक ओळ दिसली. मेमरी संपल्यामुळे एक प्रोग्रॅम मारून टाकला आहे. मारला होता तो रेघेचा.

तिनं देविकाला फोन लावला. देविका म्हणाली, "बरोबर हाय की. लिनक्सचा जो गाभा आहे ना, तो सगळी मशीन मरायच्या ऐवजी एकाला मारतो. चूक कुणाची ते बघत नाही, सगळ्यात जास्त मेमरी कुणाकडं तेवढं बघतो. तुझी ती तपासणी एकेकटी बारकी. तुझी रेघ किती दिवसाचं साठवून बसलेली?"

आठवड्यांचं. मायला मागचं बघायचं असायचं, म्हणून सुकन्यानंच ते सगळं मेमरीत ठेवलेलं. ती फोन धरून उभी राहिली. दोष दुसऱ्याचा, आणि गेला तो कोपऱ्यात बसून आपलं काम करणारा. पण उरलेलं घर त्यामुळे वाचलं, हेही खरंच. एवढ्याशा पत्र्याच्या डब्यात कुणीतरी आधीच असा विचार करून ठेवला होता, की वेळ आली तर कुणाला जाऊ द्यायचं. कुठल्या देशातल्या माणसानं बसून हे लिहिलं असेल, आणि लिहिताना त्याच्या मनात काय आलं असेल? तिला त्या माणसाचा राग यावा की त्याच्यापुढं हात जोडावेत, कळेना.

"त्याला सांगता येतं," देविका पुढं म्हणाली. "एखाद्या प्रोग्रॅमच्या नावापुढं लिहून ठेवायचं, याला हात लावायचा न्हाई. मग काही झालं तरी तो त्याला मारत नाही. पण सुकन्या, सगळ्यांपुढं लिहू नको. मग त्याला मारायला कुणीच उरत नाही आणि अख्खी मशीन जाते. एकालाच लिही."

दुपारभर सुकन्या काम करत होती. सत्यमच्या युक्तीला आधी दाराची कडी लागली, म्हणजे एक तपासणी आत असेल तर दुसरीनं बाहेर थांबायचं. ते सत्यमनं स्वतःच लिहिलं, तोंड न वर करता. मग तपासणीला मेमरीची हद्द घालून दिली, जणू तिची वेगळी खोली. तिथं कितीही दंगा झाला तरी मरणारा त्या खोलीतलाच मरेल, शेजारी नाही. रेघेचं जुनं ओझं मेमरीतून काढून डिस्कवर ठेवलं. मेमरी आटत चालली की करकर सुरू व्हायच्या आतच त्या खोलीतल्या सगळ्यात हावऱ्याला बाहेर काढणारा एक पहारेकरीही नेमला.

शेवटी ती ओळ राहिली. याला हात लावायचा नाही. रेघेचं नाव टाईप करून तिचा हात थांबला. अशी ओळ त्या पहाटेच्या आधी कुणी तिच्या हातात दिली असती तर? एकालाच लिही, असं सांगून? तिनं कुणाचं नाव लिहिलं असतं, बाबाचं की धाकट्या भावाचं? ती नऊ वर्षांची होती तेव्हा. आजही तिला ठरवता आलं नसतं. डोळे भरून आले तसे तिनं ते पदरानं पुसले आणि एंटर दाबलं.

धोंडाबाईला हे सांगितलं, तेव्हा ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "मडकं घेताना वाजवून घेत्यात. वाजवून दाखव."

तर एप्रिलमध्ये, क्लासच्या शेवटच्या आणि सगळ्यात मोठ्या सराव परीक्षेच्या दुपारी, त्यांनी वाजवून दाखवायचं ठरवलं. सत्यमनं मुद्दाम दाराची कडी काढली, जुनी युक्ती जशीच्या तशी मोकळी सोडली. धोंडाबाई उंबऱ्यात बसली, अर्धी आत, अर्धी बाहेर. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं.

एक तपासणी, दुसरी, पाचवी. यादी वाढत गेली. पंखा घरघरला. मग यादीतला एकजण गपकन नाहीसा झाला. मग आणखी एक. नवे येत होते, हद्दीला टेकत होते, जात होते. माऊस लोण्यातून फिरावा तसा फिरत होता. आणि बाजूला रेघ आपली चालली होती. ट्रक गेला, थरथरली. समुद्राचा श्वास चालू होता. सत्यम हसायला लागला. सुकन्या हसली नाही, ती नुसती बघत राहिली. शेजारच्या खोलीत एवढी मारामारी, आणि इथं या एवढ्याशा रेघेच्या केसाला धक्का नाही. स्वतःच्या हातानं केलेलं असूनही तिला ते स्वतःचं वाटेना.

तेवढ्यात रेघ वाकडी झाली.

आधी बारीक थरथर, ट्रकसारखी, पण ट्रक गेला नव्हता. मग ती थांबेचना. मग रेघ वर जाऊ लागली, सावकाश, वर वर, आणि तितक्याच सावकाश खाली. पडद्याच्या कडेपर्यंत. पुन्हा वर.

"बिघडलं," सत्यम पुटपुटला आणि कोठीकडे धावला. आजच, मायसमोरच बिघडायचं होतं? तिनं यादी बघितली, मेमरी बघितली. सगळं जागच्या जागी. कोठीतून सत्यमचा आवाज आला, "दांडा हलून राहिला गं. मी हात लावला नाही. आपोआप हलून राहिला."

धोंडाबाई उठली होती. तिचा एक हात चौकटीवर होता आणि पाय अंगणाकडे वळलेला. अठरा वर्षं त्या पायांना एवढंच माहीत होतं. सुकन्या तिला थांब म्हणाली नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार?

पण धोंडाबाई गेली नाही. तिनं मान वळवून स्वयंपाकघराच्या फळीकडे बघितलं. पेल्यांची उतरंड उभी होती. मोरीतल्या हंड्यात पाणी काठोकाठ होतं, त्यावर एक सुरकुती नव्हती. तिनं पुन्हा पडद्याकडे बघितलं. रेघ खाली जात होती, एवढी सावकाश की बघताना आपलाही श्वास लांबावा.

फोन वाजला. विष्णुपुरीहून देविका बोलत होती. "तुझ्याकडं पण दिसून राहिलं का? समुद्रापलीकडं भूकंप झालाय. लई मोठा. लाटा आत्ता आपल्या पायाखालून चालल्यात, आपल्याला कळत पण नाही. चालू आहे ना तुझी रेघ? थांबवू नको."

सुकन्यानं फोन खाली ठेवला आणि मायला सगळं सांगितलं. हजारो मैलांवर, समुद्राच्या पार, जमीन हलली. ते हलणं खडकातून चालत चालत इथं आलं. आत्ता लातूर वर जाऊन राहिलंय, माय. आता खाली. सगळं गाव, क्लास, एसटी स्टँड, आपण तिघं, सगळं एकदम. एका केसाइतकं.

धोंडाबाई उंबरा ओलांडून आत आली. पडद्यासमोर खाली बसली आणि तिनं जमिनीवर तळहात टेकवला. हाताला काही लागत नव्हतं. तरी तिनं तो बराच वेळ तसाच ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. सुकन्या तिच्याशेजारी बसली, सत्यम कोठीच्या दारात उभा होता. रेघेचे हेलकावे हळूहळू लहान होत गेले आणि त्यातून समुद्राचा जुना श्वास पुन्हा दिसायला लागला.

"तिकडच्या बाया आज भाईर निजतील," धोंडाबाई म्हणाली. मग थोड्या वेळानं, "लई दिवस निजतील."

ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि स्वयंपाकघरात गेली. "जावयाला घाम फुटलाय, चहा टाकते," असं आतून म्हणाली. चहा आला तो पेल्यांतून आला. सुकन्यानं पेला दोन्ही हातांत धरला. चटका बसत होता तरी खाली ठेवला नाही.

संध्याकाळी धोंडाबाईनं अंगणातली गोधडी उचलली, झटकली आणि आत आणली. कॉम्प्युटरपाशी न थांबता ती सरळ मागच्या खोलीत गेली आणि तिथं, पंख्याखाली अंथरूण घालू लागली.

"माय," सुकन्या दारातून म्हणाली, "तिथून रेघ दिसत न्हाई."

"दिसायला कशाला पाहिजे?" धोंडाबाई उशी थोपटत म्हणाली. "ती जागी हाय न्हवं."